कागदावर नाव कुठलं लिहू?

तात्यांच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून आठवड्यात मिळाला. त्यानंतर शेवटचा कागद आईच्या हातात पडायला नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत काय काय करावं लागलं आणि कागद शोधता शोधता काय काय सापडलं, ते लिहून ठेवते आहे.

तात्या म्हणजे माझे वडील. जन्मानं सुतार, मग सतरा वर्षं फौजेत, आणि १९८५ साली हवालदार म्हणून परत आल्यावर शेवटच्या आजारापर्यंत पुन्हा सुतार. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. दहाव्याला आसपासच्या गावांतले सात-आठ माजी सैनिक आले होते. कुणी टोपी घालून, कुणी कोटाला पदकं लावून. एकानं फोटोसमोर उभं राहून कडक सलाम केला आणि तो तसाच उभा राहिला, हात खाली घेईचना. शेवटी दुसऱ्यानं त्याच्या खांद्याला हात लावला.

निघताना त्यांच्यातले वयानं थोरले होते ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, वहिनींचं नाव पीपीओत बघून घे. आजच बघ."

पीपीओ म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश. निवृत्त सैनिकाच्या मागं त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. तात्यांच्या वयाचा माणूस गेला तर साधारण दरानं, म्हणजे शेवटच्या पगाराच्या हिशेबात ३० टक्के. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून ते लागू होतं, उशीर झाला तर थकबाकी मिळते. पण पत्नीचं नाव फौजेच्या नोंदीत आणि आधार कार्डावर एकच असावं लागतं. आमच्याकडे ते नव्हतं. फौजेच्या कागदावर आईचं माहेरचं नाव होतं. आधार, रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचं पासबुक, सगळीकडे सासरचं. आमच्या भागात लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची रीत होती. आईचंही बदललं होतं. पन्नास वर्षं गावानं तिला त्या नव्या नावानंच हाक मारली. दुसरं नाव मला नुसतं ऐकून माहीत होतं, मामा राखीला आले की कधीतरी चुकून त्यांच्या तोंडून निघायचं.

सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं नीट समजावून सांगितलं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं, एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, ते सगळं खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. तिथून नोंद दुरुस्त होईल, मग पेन्शनच्या संगणकावर नाव बदलेल. "आणि घरात जुना काही कागद असला, ज्यात दोन्ही नावं असतील, तर तोही शोधा," तो म्हणाला. "शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, काहीही."

लग्नपत्रिका नव्हती. आईची शाळा चौथीपर्यंत, आणि दाखल्यावर अर्थातच एकच नाव. राहिली तात्यांची ट्रंक.

काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव. ती माळ्यावर होती आणि किल्ली आईच्या मंगळसूत्राच्या पिनेला. आम्ही तिघं भावंडं असून ती कधी कुणी उघडली नव्हती. तशी मनाई नव्हती, पण ती तात्यांची होती एवढं पुरेसं होतं.

वरच डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख १९६८ ची, उंची, छाती, डाव्या गालावरचा व्रण, ट्रेड 'कार्पेंटर अँड जॉइनर'. खाली कापडात गुंडाळलेली पदकं. त्यांत पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही ७१ च्या लढाईची. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आईला होतं. ती त्या कडेवरून अंगठा फिरवत बसली.

तात्या फौजेत गेले ते भूकंपामुळं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. माझे आजोबा गावचे बलुतेदार सुतार. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. भूकंपानंतर कुळव मागायला कुणी आलं नाही, सगळ्यांना घर हवं होतं. बापलेकांनी पडलेल्या घरांतून खांब, तुळया, वासे वेगळे काढले आणि पुन्हा उभे केले. तात्या सांगायचे की मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या, पण पुष्कळ ठिकाणी लाकडाचा सांगाडा जागच्या जागी उभा होता. जिथं कुसू खाचेत घट्ट बसलेलं होतं तिथं घर हललं, वाकलं, पडलं नाही. कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाची ती जीभ, जी दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसते. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की शाळेत भूकंपाचा धडा शिकवताना मी अजूनही कुसू आणि खाच खडूनं फळ्यावर काढते.

त्या वर्षी पैसा कुणाकडेच नव्हता. घरं उभी राहिली, मजुरी उधार राहिली. दुसऱ्या वर्षी भरती निघाली आणि तात्या खडकीला गेले, बॉम्बे सॅपर्समध्ये. फौजेला सुतार लागतो हे गावात कुणाला खरं वाटेना. पण सॅपरचं कामच वाटा करायचं. पूल बांधायचे, रस्ते काढायचे, सुरुंग उचलायचे. बेली पुलाबद्दल तात्या फार आवडीनं बोलायचे. दहा फूट लांब, पाच फूट उंच लोखंडी चौकटी, एकेक सुमारे २६० किलोची, सहा जणांनी उचलायची, पिना मारून एकीला एक जोडत जायची. सगळं लोखंड, पण वरून गाडी चालते त्या फळ्या लाकडाच्या. "गाडीचं चाक टेकतंय ते आमच्या लाकडावर," असं ते म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज वेगळा व्हायचा.

त्यांच्या कामाच्या पडवीत दोनच चित्रं होती. एक विश्वकर्म्याचं, दुसरं सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचं. राणे कारवारकडचे, याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. आपण ज्या केंद्रात शिकलो तिथला आपल्याच बोलीच्या जवळचा माणूस, याचं तात्यांना फार अप्रूप होतं. खंडेनवमीला दोन्ही चित्रांना हार.

स्वतःच्या लढाईबद्दल मात्र त्यांनी फार थोडं सांगितलं. डिसेंबर १९७१ मध्ये ते पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या भागात होते. तिथं शत्रूनं सुरुंगांचे रुंद पट्टे पेरले होते आणि रणगाडे पुढं जायच्या आधी त्यांतून वाट मोकळी करावी लागायची, तीही रात्री, थंडीत. पोटावर पडून हातातली सळई तिरकी मातीत खुपसायची, टणक काही लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. एकदाच, माझा धाकटा भाऊ रंधा मारायला शिकत होता आणि लाकडाच्या उलट्या रेषेवर जोर करत होता, तेव्हा ते म्हणाले, "जोर करायचा नाही. मातीत काय आहे ते बोटाला आधी कळतं, मग डोळ्याला." लाकूड म्हणायचं होतं, तोंडून माती निघाली. भावानं रंधा थांबवला. तात्या उठून बाहेर गेले आणि बराच वेळ हौदावर हात धूत बसले.

ट्रंकेत डिस्चार्ज बुकच्या खाली पत्रं होती, आईनं त्यांना पाठवलेली. आणि पत्रांच्या खाली गोल पत्र्याचा डबा. मला वाटलं खिळे असतील.

डब्यात दोरे होते. साधे, घरी गोधडी शिवायचे जाड दोरे, प्रत्येकाची गुंडी करून कागदाच्या चिटोऱ्यात बांधलेली. चिटोऱ्यावर तात्यांचं अक्षर. 'थोरली, १९७९, मांडी घालून.' 'मधला, १९८१, उभा.' 'आई, मनगट' (म्हणजे माझी आजी). दोऱ्याच्या एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दोन.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मापं हायती ती. त्येनी मागवून घेतल्याली."

मग तिनं सांगितलं. तात्यांना वर्षातून दोन महिने मोठी सुट्टी. तेवढ्यात शेतीची कामं, घर शाकारणं, पाहुणे, आणि त्यातच आम्हां मुलांसाठी काहीतरी करायचं असायचं. इथं येऊन मापं घ्यायची, लाकूड शोधायचं, कापायचं, म्हटलं तर दिवस पुरत नसत. म्हणून ते पत्रातून माप मागवायचे. पोर मांडी घालून बसली की जमिनीपासून कोपरापर्यंत किती, उभा राहिला की गुडघ्यापर्यंत किती. आईला टेप वाचता येत नव्हता, आणि तिच्या वाचण्यावर भरवसा ठेवायचा प्रश्नच नको म्हणून त्यांनी सांगितलं, दोरा लाव, गाठ मार, पाठव. अंतर्देशीय पत्रात काही घालता येत नाही, म्हणून त्या वेळी आई मुद्दाम पाकीट विकत घ्यायची. दोरा युनिटमध्ये पोचला की तात्या तो पट्टीवर ताणून इंच आणि सूत मांडून घ्यायचे आणि जमेल तेव्हा तिथल्याच सुतारशाळेत टाकाऊ लाकडाचे तुकडे त्या मापाला तयार करून ठेवायचे. सुट्टीला येताना ट्रंकेत पाय, कड्या, पाटे सुटे असायचे. घरी आल्यावर एका संध्याकाळी सरस लावून जोडायचं.

माझं लिहायचं बैठं मेज तसंच आलं होतं. मी पाच वर्षांची होते. रात्री झोपले तेव्हा ते नव्हतं, सकाळी होतं. ते अजून आमच्याकडे आहे, भावाची मुलगी त्यावर रंगकाम करते. 'थोरली, १९७९' चा दोरा मी त्या मेजाच्या पायाला लावून पाहिला. फळीच्या वरच्या कडेशी गाठ आली. सूतभराचाही फरक नाही.

सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सूत म्हणजे दोराही. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला असं मी वर्गात सांगते, कित्येक वर्षं सांगत आले आहे. त्या दिवशी माळ्याखाली बसून दोऱ्यांचा तो डबा मांडीवर घेतल्यावर ते सांगणं पुरं झालं.

निवृत्त होऊन आल्यावरही त्यांची पद्धत तीच. आजी वाकली तेव्हा तिच्या मनगटाचं माप घेऊन काठी केली. वर्षभरात ती आणखी वाकली, तर काठी कापली नाही, दुसरी केली. पहिली तशीच दाराआड ठेवली, कधी सरळ झाली तर असू दे म्हणून. आईचे गुडघे गेले तेव्हा चुलीजवळचा पाट काढून त्यांनी तिला बसायला उंच चौरंग केला आणि चूलही तेवढी वर घेतली. गावात कुणी पलंग सांगितला तर आधी विचारायचे, झोपणारा कोण, उठताना हात कुठं टेकतो. लोकांना घाई असायची. प्लायवूडच्या दुकानात तयार पलंग मिळायला लागल्यावर गिऱ्हाईक तुटलं तेही त्यामुळंच. त्यांनी तक्रार केली नाही आणि विचारायचंही सोडलं नाही.

आता पत्रांकडे येते. आईची पत्रं चाळताना मला दोन्ही नावांचा कागद शोधायचा होता, आत काय लिहिलंय ते वाचायचं नव्हतं. आईनंच एक काढून दिलं. तिला ते कुठं असेल हे माहीत होतं, तारखेनुसार लावलेल्या गठ्ठ्यात अगदी खाली.

लग्न १९७३ च्या मे महिन्यात झालं. सुट्टी संपवून तात्या परत गेले आणि तिथं त्यांना लग्नाची नोंद करायची होती. फौजेत लग्न, मूल, जे काही घरात होईल ते कळवायचं आणि त्याची 'भाग दोन' नावाच्या आदेशात नोंद व्हायची. कारकुनानं पत्नीचं नाव विचारलं. तात्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, विचारून सांगतो. आणि त्यांनी अठरा वर्षांच्या बायकोला पत्र लिहिलं. ते पत्र आता नाही, आमच्या जुन्या घरात वाळवी लागली तेव्हा गेलं. पण त्यातलं वाक्य आईला पाठ आहे, "कागदावर नाव कुठलं लिहू, ते तू सांग."

हे तिचं त्याला उत्तर होतं. चौथीतलं टपोरं अक्षर, रेघ सोडून वर जाणारं. लिहिलं होतं की इथं सगळे मला अमुक म्हणतात, सासूबाईंनी ठेवलं आहे, चांगलं आहे. पण तुम्ही विचारलं म्हणून सांगते, माझ्या आईनं ठेवलेलं तमुक, तेच लिहा. दोन्ही नावं, एकाखाली एक. खाली सही माहेरच्या नावानं.

मी विचारलं, "मग तू घरात कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगायचं? इथं सासूबाईंचं नाव चालू. तिकडं माझं चालू. कुठंतरी चालू हाय एवढं मला म्हाईत होतं."

मी गप्प बसले. पन्नास वर्षं, आधी फौजेतल्या आणि मग पेन्शनच्या कागदामागं कुठंतरी आईचं नाव होतं आणि ते दोघांनाच माहीत होतं.

पुढचं काम चालत राहिलं. प्रतिज्ञापत्र, दोन जाहिराती, आईचे फोटो, अंगठ्यांचे ठसे, बँकेचं पासबुक, पॅन. एका ठिकाणी अर्ज दोनदा परत आला, एकदा फोटो छोटा म्हणून आणि एकदा जाहिरातीतलं इंग्रजी स्पेलिंग आधारपेक्षा एका अक्षरानं वेगळं म्हणून. जाहिरात पुन्हा द्यावी लागली. ज्यांच्या घरी निवृत्त सैनिक आहेत त्यांना मी कळकळीनं सांगते, ते हयात असतानाच पीपीओ, आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून पत्नीचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून घ्या. त्यांच्या एका सहीनं जे होतं त्याला नंतर नऊ महिने लागतात, आणि ते नऊ महिने ज्या बाईला काढावे लागतात तिचं कुंकू नुकतंच गेलेलं असतं.

पत्राची प्रत जोडायला आई आधी तयार नव्हती. "ती चिट्ठी सरकारला कशाला?" मी सांगितलं, कायद्यानं तिची गरज नाही, प्रतिज्ञापत्र पुरे आहे. सैनिक कल्याणमधल्या त्या माणसाला मात्र मी ती दाखवली होती. तो स्वतः माजी सैनिक. त्यानं उभ्या उभ्या वाचली, मग खुर्चीवर बसून परत वाचली, आणि म्हणाला, "जोडा ताई. फाइलीत असू दे." आईला हे सांगितल्यावर तिनं रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा देताना म्हणाली, "लाव."

सप्टेंबरात रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, नोंदीत दुरुस्ती झाल्याचं. मग खंडेनवमी आली, तात्यांशिवायची पहिली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दरवर्षी तात्या आठ दिवस आधीपासून धार लावायला बसायचे. बोथट हत्यार देवापुढं ठेवायचं नाही असा त्यांचा नेम. या वेळी भाऊ पुण्याहून आला, चुलतभावाचा मुलगा आला, जो तालुक्याला फर्निचरचं दुकान चालवतो, आणि आम्ही पडवी उघडली. करवती, लहानमोठे रंधे, वाकस, पटाश्यांचा संच, गिरमिट, गुण्या, आजोबांच्या हातचा, भोकं पाडायचा सामता. रंध्यांच्या पात्यांना गंज चढला होता. तात्या दगडावर पातं धरायचे तो कोन मला हातानं आठवत होता, डोळ्यांनी नाही. लहानपणी ते माझा हात धरून पातं फिरवायचे. पहिली दोन पाती मी बिघडवली. तिसऱ्याला कड आली. अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली, घसरली नाही.

पूजेनंतर हत्यारं वाटायची होती. तात्यांनी कुणाला काय ते लिहून ठेवलं नव्हतं. आईनं ठरवलं, वापरणाऱ्याला द्यायची. म्हणून बहुतेक सगळी चुलतभावाच्या मुलाला गेली. तो यंत्रावर काम करतो, तरी पटाश्या हातात घेतल्यावर त्याचा चेहरा बदलला आणि मला वाटलं, नीट जागी चालल्या आहेत. सामता भावानं मागून घेतला. दोऱ्यांचा डबा मी ठेवला. आईनं काही ठेवलं नाही, फक्त राण्यांचा फोटो आत घरात लावायला सांगितला.

दिवाळीच्या आधी पेन्शनचा आदेश आला. मी शाळेतून येता येता तालुक्याला त्याची प्रत काढून घेतली आणि संध्याकाळी आईला दिली. कागद इंग्रजीत होता. नावाची ओळ मी बोटानं दाखवली आणि वाचली. माहेरचं नाव, मग उर्फ, मग सासरचं, मग तात्यांचं नाव, मग आडनाव.

"परत वाच," ती म्हणाली.

परत वाचली.

तिनं कागद घडी घालून घेतला, उठली, देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. तो देव्हाराही तात्यांनीच केलेला, उभं राहून पूजा करता यावी म्हणून तिच्या छातीच्या उंचीचा. मग दारातनं वळून मला म्हणाली, "म्हशीला पाणी दावलंस का?"